दूरचें युद्ध आणि सावित्रीचें खोरें

युद्ध जेथें चालतें तेथील हानि डोळ्यांना दिसते. पडलेलीं घरें मोजतां येतात, मेलेल्यांची यादी होते, आणि शांतता झाल्यावर त्या ठिकाणीं एखादें स्मारकही उभें राहतें. परंतु हजारों मैलांवरील घरांना युद्धाची जी आंच लागते तिची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाहीं. जेथें तोफेचा आवाज कधीं पोहोंचला नाहीं, शत्रूचें तोंड कोणीं पाहिलें नाहीं, अशा ठिकाणींही युद्धामुळें तांदळाचा भाव बदलतो, दिव्यांतील तेल आटतें, आणि कधीं कधीं माणसाची समाजांतील जागाही बदलते. हें कसें घडतें तें समजून घेण्यासाठीं एखादी राजधानी किंवा मोठें बंदर निवडण्यापेक्षां सह्याद्रीच्या पायथ्याचा एक लहानसा मुलूख घेणें अधिक बरें. आजच्या रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, महाड आणि पोलादपूर हा भाग त्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते, घाट उतरून पोलादपुरावरून महाडास येते, तेथें तिला गांधारी मिळते. मग दासगांवावरून खाडीचें रूप घेऊन ती बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. ह्या खोऱ्याचा इतिहास मोठा आहे. शिवाजीमहाराजांची राजधानी रायगड महाडापासून जवळ. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या वाटेच्या माथ्यावर प्रतापगड. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपूर तालुक्यांतलेंच. पण इतिहासानें पोट भरत नाहीं. सखल जमिनींत भात, डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरी, हींच पूर्वापार मुख्य पिकें, आणि तींही एका पावसाचीं. पाऊस विपुल, पण तो चार महिन्यांत समुद्राला जाऊन मिळतो. त्यांतून जुन्या काळीं कित्येक गांवांत खोती होती. पिकाचा वांटा खोताकडे गेल्यावर कुळाच्या कणगींत जें उरे तें पुढच्या आषाढापर्यंत पुरेच असें नाहीं.

अशा स्थितींत येथील संसारानें दोन दोर धरले. पहिला दोर माणसाचा. घरांतला कर्ता पुरुष पलटणींत, गिरणींत किंवा मुंबईच्या गोदींत जाई आणि तेथून पैसे पाठवी. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीची सोय केल्यावर तर पोस्टमन हा कोंकणांतील अर्ध्या घरांचा अन्नदाता होऊन बसला. दुसरा दोर धान्याचा. गांवांत जें कमी पडे तें बाहेरून, बहुतेक समुद्रमार्गानें, येई. दोन्ही दोरांचीं टोकें गांवाच्या हद्दीबाहेर, किंबहुना देशाबाहेर, बांधलेलीं. युद्ध आलें कीं तें प्रथम ह्या दोरांना हात घालतें. म्हणून दूरच्या युद्धाचा परिणाम पाहावयाचा तर आधीं हे दोर कोठें बांधले होते तें पाहिलें पाहिजे.

माणसाचा दोर अधिक जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यांत कोंकणांतील माणूस प्रथमपासून होता. मराठे होते, आणि महारही मोठ्या संख्येनें होते. गांवांत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्या मुलाला पलटणींत गणवेश, दरमहा पगार, अक्षरओळख आणि म्हातारपणीं पेन्शन मिळे. सैन्यांतील शाळांतून शिपायांच्या मुलांना शिकवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच एका लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचें मूळ गांव आंबडवे हें सावित्रीच्या खाडीपलीकडच्या मंडणगड तालुक्यांत आहे. महाडाजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यांतून १८८६ सालीं निवृत्त झालेले. त्यांनीं पुढें अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली आणि १८९५ त महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. सैन्याच्या पेन्शनीवर जगणारीं अशीं कुटुंबें दापोली-महाडच्या टापूंत बरींच होतीं. पेन्शनीचा आंकडा लहान असे. पण तो खोताच्या मर्जीवर अवलंबून नसे, पावसावरही नसे. ज्या घराला असा एक निश्चित रुपया आहे, त्या घराची मान थोडी ताठ राहते.

आणि ह्या घरांवर पहिला मोठा घाव घातला तो न झालेल्या युद्धानें. ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, पण खरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशिया अफगाणिस्तानांतून हिंदुस्थानावर चालून येणार अशी इंग्रज सरकारला धास्ती होती. १८८५ सालीं पंजदेह येथें रशियन व अफगाण सैन्यांची चकमक झाली, तेव्हां ती धास्ती शिगेला पोहोंचली. त्याच वर्षीं हिंदुस्थानचे सरसेनापति झालेले फ्रेडरिक रॉबर्ट्स ह्यांचें मत असें कीं, रशियासारख्या शत्रूपुढें उभें राहण्यास उत्तरेकडचे लोकच लायक. दक्षिणेकडील शिपाई लढवय्या राहिला नाहीं. ह्या मताला पुढें 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताचें रूप आलें, आणि १८९२ सालीं महारांची भरती बंद झाली. रशिया चालून आला नाहीं. खैबर खिंडींत त्याची एक गोळीही सुटली नाहीं. परंतु त्या कल्पनेंतील युद्धाच्या तयारींत महाड, पोलादपूर, दापोलीकडील शेंकडों घरांचा एकमेव दरवाजा लागला. जुने पेन्शनर होते तोंवर घर चाललें. ते गेले आणि त्यांच्यामागें मुलांना तो पगार नाहीं, ती शाळा नाहीं, अशी स्थिति झाली. दार पुन्हा उघडावें म्हणून सरकारकडे दाद मागण्याच्या खटपटींत गोपाळबाबा वलंगकर पुढें होते; पण त्यांच्या हयातींत तें उघडलें नाहीं. १९०० सालीं ते वारले.

दार उघडलें तें पुन्हा युद्धानेंच, आणि ह्या वेळीं खऱ्या युद्धानें. १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांत लढाई पेटली. मराठा पलटणी तुर्कांविरुद्ध मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, गेल्या. तैग्रिस नदीकांठच्या कूत-अल्-अमारा येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जें सैन्य वेढ्यांत सांपडलें त्यांत १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलें, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि अखेर शरणागति झाली. कैदेंत गेलेल्यांपैकीं फार मोठी संख्या परत आली नाहीं. ज्या गांवांतून नदीकांठीं भात लावणारा जवान गेला, त्या गांवाला तैग्रिस नदीचें नांव प्रथम अशा रीतीनें ठाऊक झालें. युद्धानंतर सरकारनें महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत लहान शिलालेख बसविले: ह्या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले. त्या दगडांवर संख्या आहे. नांव बहुधा नाहीं.

माणसांची गरज जसजशी वाढली तसतसा 'लढाऊ जाती'चा सिद्धांत सैल होऊं लागला. १९१७ सालीं '१११ वी महार' ही पलटण उभी करण्यांत आली. पंचवीस वर्षें जे लढण्यास अपात्र होते ते एका सरकारी हुकुमानें पात्र झाले. लढाई संपली, गरज संपली, आणि १९२१ त ती पलटण मोडण्यांत आली. दार किलकिलें झालें आणि लागलें.

त्याच सुमारास घरींही लढाईची झळ पोहोंचली होती. विलायती कापडाची आवक घटली, बोटींचीं भाडीं वाढलीं, कापड व रॉकेल महाग झालें. १९१८ सालीं पावसानें दगा दिला, आणि त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरांत उतरून देशभर पसरली. सैन्याच्या हालचालींबरोबर ती जगभर फिरली, आणि एकट्या हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. युरोपांतील रणांगणावर जेवढे हिंदी शिपाई पडले त्यांच्या कितीतरी पट माणसें ह्या साथीनें घरांतल्या अंथरुणावर मेलीं. तीं कोणत्याही शिलालेखावर नाहींत.

ह्या साऱ्याचा हिशेब पुढें महाडांतच मांडला गेला. १९ व २० मार्च १९२७ ह्या दिवशीं तेथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. परिषदेनंतर लोक चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनीं तेथील पाणी घेतलें, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. तितकी माहीत नाहीं ती त्यांच्या अध्यक्षीय भाषणांतील एक बाजू. त्यांनीं ह्या भागांतील जुन्या लष्करी पेन्शनरांची आठवण काढली. एके काळीं सैन्यामुळें येथील अस्पृश्य समाज शिक्षणांत आणि राहणींत पुढें होता, आणि भरती बंद झाल्यापासून तो मागें पडला, असें त्यांचें प्रतिपादन होतें. सैन्याचें दार उघडलें पाहिजे असें तर त्यांनीं सांगितलेंच. पण त्याबरोबर शिक्षण, शेतजमीन आणि गांवकीच्या हलक्या कामांचा त्याग ह्यांवरही त्यांचा भर होता. त्यांतील अर्थ लक्षांत घेण्यासारखा आहे. परक्याच्या युद्धानें उघडणारें आणि परक्याच्या लहरीनें लागणारें दार हा कायमचा आधार होऊं शकत नाहीं. पेन्शन संपल्यावरही जें उरतें तें मिळविलें पाहिजे. तळ्याच्या पाण्याचा हक्क हा तशा न संपणाऱ्या वस्तूंपैकीं होता. त्यासाठीं दहा वर्षें कोर्टकचेरी झाली आणि १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला.

दोन वर्षांनीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. पहिलीं दोन वर्षें तें दूरच होतें. पुन्हा शिपाई हवे झाले. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवास महार रेजिमेंट स्थापन झाली, आणि ह्या वेळीं ती मोडली गेली नाहीं. आजही ती भारतीय सैन्यांत आहे. मराठा पलटणी आफ्रिकेंत आणि इटलींत गेल्या. महाडशेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, आपल्या तुकडींतील बहुतेक सारे पडल्यावर एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि ती निकामी करून धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघें २२. तैग्रिसच्या मागोमाग तैबर नदीही अशा रीतीनें ह्या जिल्ह्याच्या नकाशांत आली.

परंतु दुसऱ्या महायुद्धांत खरी ओढ बसली ती धान्याच्या दोरावर. ८ मार्च १९४२ रोजीं जपान्यांनीं रंगून घेतलें. त्यापूर्वीं ब्रह्मदेशांतून हिंदुस्थानांत दरवर्षीं सुमारें पंधरा लाख टन तांदूळ येत असे. साऱ्या देशाच्या पिकाशीं तुलना केली तर तो शेंकडा पांच-सहाच भरतो, आणि सरकारी कचेरींत बसणाऱ्याला तो आंकडा किरकोळ वाटणें शक्य होतें. पण तो पांच-सहा टक्के तांदूळ साऱ्या देशांत सारखा वांटला जात नव्हता. तो जाई बंगाल्यांत, मलबारांत, मुंबईंत, कोंकणांत. म्हणजे ज्यांना भाताशिवाय दुसरें अन्न ठाऊक नाहीं आणि ज्यांच्या शेतांत तें पुरेसें पिकत नाहीं अशांकडे. सरासरी नेहमीं असेंच फसविते. नदीची सरासरी खोली कमरेइतकी असली म्हणून बुडणारा बुडावयाचा राहत नाहीं.

महाड-पोलादपुराला ही तूट अधिक जाचली असल्यास त्याचें कारण भूगोलांत आहे. त्या काळीं कोंकणांत आगगाडी नव्हती; कोंकण रेल्वे सबंध सुरू व्हावयाला १९९८ साल उजाडलें. माल येणार तो बाणकोटच्या खाडीनें किंवा घाटरस्त्यानें. पावसाळ्यांत किनाऱ्यावरची आगबोट बंद असे. म्हणजे ज्या महिन्यांत कणगी रिकामी होते त्याच महिन्यांत समुद्राचा रस्ताही बंद. उरली मोटार, तर १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि मोटारींना कोळशाच्या वायूवर चालण्याचीं अवजड यंत्रें बसवावीं लागलीं. तीं पाठीशीं घेऊन घाट चढणें हें त्या मोटारींच्या जिवावरचें काम होतें.

मुंबई शहरांत २ मे १९४३ रोजीं रेशनिंग सुरू झालें. त्यासाठीं लागणारें धान्य सरकारनें खेड्यांतून सक्तीच्या लेव्हीनें गोळा केलें. शहरांतील गिरणी कामगाराला रेशनकार्ड होतें आणि वाढत्या भावाबरोबर कांहीं अंशीं वाढणारा महागाईभत्ता होता. त्याचें कुटुंब मात्र गांवीं होतें. तेथें भत्ता नव्हता, आणि तुटीच्या डोंगरी मुलखांत दुकानांतील धान्य केव्हां येईल ह्याचा भरंवसा नव्हता. एकाच घराचीं दोन माणसें, एक परळास आणि एक पोलादपुरास, एकाच युद्धांत अशीं दोन निराळ्या न्यायांखालीं जगत होतीं. बंगाल्यांत ह्याच व्यवस्थेचा पूर्ण विचका होऊन १९४३ त लाखों लोक अन्नावांचून मेले. मुंबई इलाख्यांत तसें झालें नाहीं, ह्याचें बरेंचसें श्रेय वेळेवर लावलेल्या रेशनिंगला द्यावें लागतें. नियंत्रणाचा जाच असतो खरा. परंतु नियंत्रण नसलें म्हणजे काय होतें हें बंगाल्यानें दाखविलें.

भाव कां वाढले ह्याचें दुसरें कारण अधिक खोल आहे आणि तें अजूनही पुष्कळांना नीट उमगलेलें नाहीं. ब्रिटिश सरकार युद्धासाठीं येथें धान्य, कापड, तागाचीं पोतीं, पोलाद खरेदी करी. त्याचे पैसे तें येथें देत नसे. लंडनच्या खात्यांत हिंदुस्थानच्या नांवें पौंड जमा करी. त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथें नोटा छापून मालाची किंमत चुकती करी. शेजाऱ्यानें आपल्या घरांतील धान्य न्यावें, मोबदला म्हणून चिठ्ठी लिहून द्यावी, आणि त्या चिठ्ठीच्या जोरावर घरांतल्यांनीं आपसांत नाणीं वांटून घ्यावीं, असा तो प्रकार. धान्य घराबाहेर गेलें आणि घरांत पैसा मात्र वाढला. १९३९ च्या सप्टेंबरांत सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनांत होत्या. १९४५ त त्या ११०० कोटींवर गेल्या. घाऊक भाव सुमारें अडीचपट झाले. लंडनांतील येणें सतराशें कोटींच्या आसपास सांचलें. देश सावकार झाला आणि देशांतली चूल विझूं लागली.

नोटा अशा उदंड, आणि सुटी मोड मात्र मिळेना. राणीछाप रुपया ३१ मार्च १९४१ नंतर चलनांतून बाद झाला. नव्या रुपयांतली चांदी निम्म्यावर आली, म्हणून जुना चांगला रुपया लोकांनीं गाडग्यांत पुरला. तांब्याची टंचाई एवढी कीं कोठें कोठें पोस्टाचीं तिकिटें मोड म्हणून चालूं लागलीं. १९४३ सालीं मधें भोंक पाडलेला पैसा निघाला. बाजारांत तो हातीं घेतांना लोक हंसत. पण त्या भोंकांतून युद्धाची सारी अर्थनीति दिसत होती.

ह्या महागाईनें सर्वांना सारखें मारलें नाहीं. ज्याच्याकडे विकण्याइतकें भात होतें तो तरला. कांहीं जण तर कर्जमुक्तही झाले. व्यापारी तरला. मारला गेला तो बांधल्या आंकड्याचा माणूस. दहा रुपयांची मनिऑर्डर दहाच रुपयांची येत राहिली. पण तिच्यांत पूर्वींच्या चार रुपयांचा बाजार होऊं लागला. पहिल्या महायुद्धांतील शिपायाची पेन्शन कागदावर तेवढीच राहिली. जुन्या युद्धानें दिलेला आधार नव्या युद्धानें न बोलतां परत घेतला. मजुरी धान्यांत मिळणाऱ्या भूमिहीन माणसाची कथा निराळीच. धान्य महाग होतांच मालक ती पैशांत देऊं लागले कीं त्याची दोन्हीकडून कोंडी होई. रॉकेल मिळेनासें झाल्यानें संध्याकाळ लवकर संपूं लागली. कापड नियंत्रित झालें आणि सरकारी 'स्टँडर्ड' कापडाच्या रांगा लागल्या. ह्या सर्व वर्षांत घर चालविलें तें बहुतेक बायकांनीं. शेत, जनावरें, सावकार, पोस्टमन आणि रेशनचा दुकानदार ह्या पांचांशीं त्यांचा रोजचा व्यवहार. आणि वर शिपायाच्या पत्राची वाट पाहणें.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपाननें शरणागति पत्करली आणि युद्ध संपलें. टंचाई संपली नाहीं. नियंत्रणें पुढेंही बरींच वर्षें कधीं उठत, कधीं परत येत राहिलीं. ब्रह्मदेशाच्या तांदळावर पूर्वींसारखें विसंबतां आलें नाहीं. हा धडा देशानें घेतला, आणि पुढच्या पिढींत धान्याच्या बाबतींत स्वतःच्या पायावर उभें राहण्याची जी धडपड झाली तिच्या मुळाशीं १९४३ ची आठवण होती.

माणसाचा दोर मात्र तुटला नाहीं. त्यानें दिशा बदलली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईबरोबरच आखाती देशांत माणसें जाऊं लागलीं. सावित्रीच्या खाडीकांठच्या कोंकणी मुसलमान कुटुंबांतील तरुण त्यांत विशेष होते. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें, आणि तैग्रिसकांठचा देश पुन्हा एकदां कोंकणच्या घरांत बोलला जाऊं लागला. दीड लाखाहून अधिक भारतीय सारें मिळविलेलें मागें टाकून परतले. एअर इंडियानें जॉर्डनमधील अम्मानहून एक लाखाच्या वर माणसें आणलीं. तेलाचे भाव चढले, परदेशांतून येणारा पैसा आटला, आणि १९९१ सालीं देशाच्या तिजोरींत तीनेक आठवड्यांच्या आयातीपुरतेंच परकीय चलन उरलें. सुमारें ४७ टन सोनें परदेशीं गहाण ठेवावें लागलें. घरांतली पाटली सावकाराकडे ठेवण्याचा जो प्रसंग खेड्यांतील बाईला नवा नव्हता, तो त्या वर्षीं राष्ट्रावर आला.

त्यानंतरचें उदाहरण तर ताजें आहे. महाडास आतां मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि तींत रासायनिक कारखाने पुष्कळ. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली. मार्चमध्यें खनिज तेल पिंपाला १२० डॉलरांच्या वर गेलें. सूर्यफुलाचें तेल, जें भारत मुख्यतः युक्रेनहून घेत असे, तें दुर्मिळ झालें. खतांच्या जागतिक किंमती भडकल्या. पेट्रोलियमपासून निघणारा कच्चा माल वापरणारा कारखाना, भाताला युरिया देणारा शेतकरी आणि कढईंत तेल ओतणारी गृहिणी, हे तिघेही एकाच युद्धाचे ग्राहक झाले. १९४२ त धोका तांदळाचा होता. आतां तो तेलाचा आणि खताचा आहे. दोर बदलले, त्यांचीं टोकें अजून बाहेरच बांधलेलीं आहेत.

ह्या शंभर-सवाशें वर्षांच्या कथेंतून एक गोष्ट निघते. दूरचें युद्ध घराला सहसा नवें दुखणें देत नाहीं. घराचें जुनें दुखणें तें उघडें पाडतें. खोऱ्यांत धान्य आधींच अपुरें होतें. रंगून पडल्यावर तें दिसलें. एका समाजाला सैन्यावांचून सन्मानाचा दुसरा धंदा ठेवलेला नव्हता. रशियाची धास्ती आली तेव्हां तें दिसलें. महिन्याच्या मनिऑर्डरीवर सारा संसार टांगलेला होता. रुपया हलका झाला तेव्हां तें दिसलें. शांततेच्या दिवसांत हे दोष सोसले जातात, म्हणून ते नाहींतच असें वाटूं लागतें.

युद्धानें कांहीं घरांना वर आणलें हेंही खरें आहे. पलटणीच्या शाळेंतून आलेल्या अक्षरांनीं महाडांत मोठें काम केलें. पण त्याबद्दल युद्धाचे आभार मानण्याचें कारण नाहीं. अक्षर, पगार आणि पाण्याचा हक्क हीं मिळविण्यासाठीं माणसाला तैग्रिसपर्यंत जावें लागलें, ह्यांत युद्धाचें औदार्य नाहीं, घरच्यांचा कृपणपणा आहे. ज्या गावांत मुलाला शाळा आहे, मजुराला जमीन किंवा धंदा आहे, कणगींत पुढच्या पावसापर्यंतचें धान्य आहे आणि तळें सर्वांना मोकळें आहे, त्या गांवालाही दूरच्या युद्धाची झळ लागेल. भाव तेथेंही वाढतील. परंतु तेथील माणसाला एका हुकुमानें लायक आणि दुसऱ्या हुकुमानें नालायक कोणी ठरवूं शकणार नाहीं, आणि एका बंदराच्या पाडावानें त्याची चूल विझणार नाहीं. पुढचें युद्ध कोठें पेटेल हें महाडच्या किंवा पोलादपूरच्या माणसाच्या हातीं नाहीं. तें पेटेल तेव्हां आपल्या घराचे दोर कोठें बांधलेले असतील, हें ठरविणें मात्र पुष्कळसें हातीं आहे. आणि तें काम शांततेच्या दिवसांतच होतें.